कोमो सरोवरावरचा एक दिवस

सकाळी मिलानहून निघायचं, कोमो सरोवर पाहायचं आणि रात्रीच्या जेवणाला परत मिलानला यायचं, असा बेत इटलीला जाणारी बरीच मराठी कुटुंबं करतात. नोव्हेंबर २०१८मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न या तळ्याकाठच्या व्हिला देल बाल्बियानेल्लोमध्ये झालं आणि कोमोचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. बेत उत्तमच आहे. छोट्या ग्रुपची, गाईडसह टूर घेतली तर तिकिटं आणि वेळापत्रकांची डोकेदुखीही वाचते. मात्र टूर डोळे झाकून घेतली तर दिवसाचे निम्मे तास गाडीत आणि रांगेत जातात, आणि तळं दिसतं ते काचेतून.

टूर निवडताना जाहिरातीत किती गावांची नावं आहेत, हे मोजू नये. गाडीबाहेर किती तास मिळणार ते मोजावं, आणि त्या तासांचा क्रम तळ्याची ठेवण ओळखून लावलाय का ते पाहावं. ही दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

हे तळं हिमनद्यांनी कोरलेलं आहे. नकाशावर ते पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसासारखं दिसतं. डोकं उत्तरेला कोलिकोकडे, नैर्ऋत्येच्या पायाशी कोमो शहर, आग्नेयेच्या पायाशी लेक्को, आणि दोन पाय जिथे जुळतात त्या टोकावर बेल्लाजो. क्षेत्रफळ सुमारे १४६ चौरस किलोमीटर, म्हणजे गार्दा आणि माज्जोरे यांच्यानंतर इटलीतलं तिसरं. खोली ४०० मीटरहून अधिक. डोंगर थेट पाण्यात उतरतात, त्यामुळे काठाला सपाट जागा फार थोडी, रस्ते अरुंद, आणि मध्ये कुठे पूल नाही. कोमोहून बेल्लाजो रस्त्याने जेमतेम ३० किलोमीटर आहे, तरी सार्वजनिक बसला तासाहून जास्त लागतो. वळणांवर समोरून बस आली की कोणाला तरी मागे घ्यावं लागतं. इथला खरा हमरस्ता म्हणजे पाणी. ज्या टूरमध्ये कोमो ते बेल्लाजो हा टप्पा बोटीने आहे ती टूर घ्यावी. तोच टप्पा गाडीने असेल तर ती सोडून द्यावी, मग ती कितीही स्वस्त असो.

आता तासांचा हिशेब. मिलान ते कोमो सुमारे ५० किलोमीटर, सकाळच्या वाहतुकीत एक तास धरा. साडेआठला निघालात तर साडेनऊला कोमोत. तिथे दीड तास. मग बोटीने बेल्लाजो. खासगी मोटारबोट असेल तर व्हिल्यांसमोर थांबत थांबत तासभर. बेल्लाजोत जेवणासह अडीच तास. पंधरा मिनिटांच्या बोटीने पलीकडचं वारेन्ना, तिथे सव्वा तास. वारेन्नाहून मिलान साधारण ७५ किलोमीटर, दीड तास. ही बेरीज चढण्या-उतरण्याचा वेळ धरून साडेनऊ-दहा तासांची होते. आता या हिशेबात आणखी एखादं गाव घालायचं तर वेळ कुठून येणार? तो बेल्लाजोच्या अडीच तासांतूनच कापला जातो, कारण रस्त्याचे तास कमी होत नाहीत. ‘एका दिवसात पाच ठिकाणं’ असं लिहिलेल्या टूरमध्ये प्रत्येक गावी चाळीस मिनिटं मिळतात. त्यात स्वच्छतागृहाची रांग आणि एक आइस्क्रीम एवढंच बसतं. रविवारी परतीचा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने वाढवा. लेक्कोहून मिलानकडे येणाऱ्या ३६ क्रमांकाच्या महामार्गावर रविवारी संध्याकाळी डोंगरातून परतणाऱ्या मिलानकरांची गर्दी ठरलेलीच. त्या रात्री विमान किंवा लांबची गाडी असेल तर ही टूर घेऊच नये.

‘छोटा ग्रुप’ म्हणजे किती माणसं? आठ, सोळा आणि पंचवीस, या तिन्ही आकड्यांना हे नाव लावलेलं आढळतं. आठचा आकडा कायद्यातून आला आहे. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर ड्रायव्हर सोडून आठच प्रवासी बसवता येतात, आणि सोळापर्यंतच्या मिनीबसला वेगळा परवाना लागतो. आठ जणांची व्हॅन अरुंद रस्त्यावर सहज वळते, धक्क्याच्या जवळ सोडते, आणि सगळे एका मोटारबोटीत मावतात. सोळांपर्यंतही दिवस चांगला जातो. पंचवीसचा ग्रुप मात्र बहुधा सार्वजनिक बोटीवर अवलंबून राहतो आणि शेवटचा माणूस येईपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं. त्यामुळे ‘छोटा’ या शब्दावर न जाता जास्तीत जास्त किती माणसं घेणार, हा आकडा लेखी विचारा. शिवाय किमान किती माणसं जमली नाहीत तर टूर रद्द होते, हेही विचारा. कमी गर्दीच्या महिन्यांत आदल्या दिवशी रद्द झाल्याचा निरोप येतो तो याच अटीमुळे.

दुसरा प्रश्न भाषेचा. दोन-तीन भाषांत एकत्र चालणाऱ्या टूर स्वस्त असतात. गावात ते एक वेळ चालतं, बोटीत अजिबात चालत नाही. बोट पुढे सरकत असते. स्पॅनिशमध्ये सांगून झाल्यावर गाईड इंग्रजीकडे वळेपर्यंत तो व्हिला मागे पडलेला असतो. एकच भाषा असलेली टूर घ्या. तिसरा प्रश्न, बरोबर येणारी व्यक्ती कोण? इटलीत परवानाधारक टुरिस्ट गाईड वेगळा आणि ग्रुपची ने-आण सांभाळणारा सोबती वेगळा. वास्तू आणि संग्रहालयांची माहिती सांगण्याचं काम परवानाधारकाचं. डिसेंबर २०२३च्या कायद्याने त्यासाठी देशभर एक परीक्षा आणि एक यादी ठरवली. ड्रायव्हरच गाईड असेल तर गावात तो गाडीपाशी राहणार आणि तुम्ही आपापले फिरणार. यात वाईट काही नाही, पण पैसे देताना हे माहीत असावं.

भेटीची जागाही नीट वाचा. ‘मिलान सेंत्राले’ एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. स्टेशन अवाढव्य आहे. समोर दूका द’आओस्ता चौक, पूर्वेला विमानतळाच्या बस सुटतात तो लुईजी दि साव्होया चौक, पश्चिमेला आणखी एक. एका बाजूहून दुसरीकडे जायला सामानासह सहज दहा मिनिटं लागतात, आणि आठ जणांची व्हॅन दहा मिनिटं उभी राहू शकत नाही. काडोर्ना स्टेशन सोपं, समोरच सुई-दोऱ्याचं प्रचंड रंगीत शिल्प आहे.

कोमो शहरात दीड तासात दोन गोष्टी होतात, तीन नाही. १३९६मध्ये बांधायला घेतलेलं कॅथेड्रल आणि काठावरचा फेरफटका, किंवा कॅथेड्रल आणि ब्रुनातेची फ्युनिक्युलर. ही तारेने ओढली जाणारी गाडी १८९४पासून चालू आहे आणि सात मिनिटांत सुमारे ५०० मीटर वर नेते. वरून तळ्याचा नैर्ऋत्य पाय दिसतो. पण सुट्टीच्या दिवशी दहानंतर तिथली रांगच अर्धा तास खाते, म्हणून टूरमध्ये ती असेल तर सर्वांत आधी हवी. विद्युतघट बनवणारा अलेस्सांद्रो व्होल्टा इथलाच, जन्म १७४५चा. काठावरच्या स्मारकात त्याची उपकरणं मांडलेली आहेत. शाळकरी मुलं बरोबर असतील तर फ्युनिक्युलरपेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं. एक भौगोलिक गंमत: आद्दा नदी उत्तरेकडून तळ्यात येते आणि लेक्कोच्या पायातून बाहेर पडते. कोमोच्या पायातून पाण्याला वाटच नाही. त्यामुळे शरद ऋतूत मोठा पाऊस झाला की कोमोच्या काव्हूर चौकात पाणी चढतं, आणि त्या दिवशी गाईड बोटीची जागा बदलतो.

आता बोट. या दिवसाचा गाभा हाच, म्हणून इथे हात आखडता घेऊ नये. सार्वजनिक बोटी दोन तऱ्हेच्या. सावकाश जाणारी उघड्या डेकची बोट कोमोहून बेल्लाजोला दोन तासांच्या आसपास घेते, वाटेत गावोगावी थांबते. जलद बोट पाऊण-एक तासात पोचवते, पण ती बंदिस्त असते, बाहेर उभं राहता येत नाही. पाहायला आलेल्या माणसाने जलद बोटीचे जास्तीचे पैसे का द्यावेत, हे मला कळत नाही. टूरच्या माहितीत ‘बोटीचा प्रवास समाविष्ट’ एवढंच असेल तर सार्वजनिक की खासगी, आणि पाण्यावर एकूण किती मिनिटं, हे विचारून घ्या. काही टूरमध्ये तो फक्त बेल्लाजो-वारेन्नाचा पंधरा मिनिटांचा फेरा निघतो.

कोमोहून उत्तरेला निघताना डाव्या हाताला बसा. पश्चिम किनारा तुमच्या डावीकडे असतो आणि नावाजलेले बहुतेक व्हिला त्याच काठावर आहेत. चेर्नोब्बिओचा व्हिला द’एस्ते कार्डिनल तोलोमेओ गाल्लिओने सोळाव्या शतकात बांधवला आणि १८७३पासून तिथे हॉटेल आहे. पुढे लाल्योत जॉर्ज क्लूनीचं घर. मग कोमाचिना हे तळ्यातलं एकमेव बेट. ११६९मध्ये कोमोकरांनी तिथली वस्ती पार उद्ध्वस्त केली. उजव्या काठावरचं नेस्सो मात्र चुकवू नका. तिथे डोंगरातल्या घळीतून ओढा कोसळतो आणि त्याच्या तोंडाशी दगडी कमानीचा जुना पूल आहे. जाणकार गाईड आणखी उत्तरेकडे हात करून सांगेल, की २७ एप्रिल १९४५ला मुसोलिनी तळ्याच्या वरच्या भागात दोंगोला पकडला गेला आणि दुसऱ्या दिवशी मेझ्झेग्राच्या जुलिनो वाडीत त्याला गोळ्या घातल्या.

उजेडाचं गणितही याच किनाऱ्यावर ठरतं. पश्चिम काठ पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी व्हिल्यांवर ऊन असतं. दुपारी तीननंतर मागचे डोंगर सूर्य झाकू लागतात आणि तोच काठ सावलीत जातो. वारेन्ना नेमकं उलट. ते पश्चिमेकडे पाहतं, म्हणून त्याची रंगीत घरं दुपारनंतर उजळतात. सकाळी कोमोहून निघून संध्याकाळी वारेन्नाला संपणारी टूर उजेडाच्या बाजूने चालते. उलट क्रमाच्या टूरमध्ये दिवसभर सावलीतले काठ पाहावे लागतात.

वाऱ्याचंही तसंच. स्वच्छ हवेच्या दिवसांत पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत उत्तरेकडून तिव्हानो वाहतो, आणि दुपारच्या सुमाराला दक्षिणेकडून ब्रेव्हा उठतो. उन्हाने डोंगरउतार तापले की तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला मैदानाकडची हवा तळ्यावरून आत ओढली जाते; रात्री उतार थंड झाले की उलटा प्रवाह. ब्रेव्हा उठला की पाण्यावर आखूड, कडक लाटा येतात आणि छोटी मोटारबोट आपटत चालते. लांबचा टप्पा सकाळी हवा तो यासाठीही. बोट लागणाऱ्यांनी मागे, मध्यभागी बसावं. पुढचं टोक सर्वांत जास्त उडतं. जूनमध्येसुद्धा अंगावर वारारोधक जाकीट हवं. सत्तरीतल्या आईवडिलांना उघड्या बोटीत बसवणार असाल तर कानटोपी नक्की ठेवा.

बेल्लाजोत धक्क्यावरून वर चढणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या आहेत. छायाचित्रांत दिसतात त्या ह्याच, आणि अकरा ते चारमध्ये तिथे चालायलाही जागा नसते. गर्दी चुकवायची असेल तर दोन दिशा आहेत. उत्तरेला दहा मिनिटांवर पुंता स्पार्तिव्हेंतो, जिथून तळ्याचे तिन्ही फाटे एकत्र दिसतात, फुकट आहे. दक्षिणेला काठाकाठाने व्हिला मेल्झीची बाग. नेपोलियनच्या इटालियन प्रजासत्ताकाचा उपाध्यक्ष फ्रांचेस्को मेल्झी याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभारली. वाट बरीचशी सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांसाठी पायऱ्यांऐवजी हीच. मी अडीच तासांपैकी एक तास तिथे देईन. हिवाळ्यात ती बंद असते आणि गावातली हॉटेलंही मिटलेली असतात, म्हणून नोव्हेंबरअखेर ते मार्चमध्यापर्यंत ही टूर घेण्यात फारसा अर्थ नाही. सर्वांत चांगले दिवस एप्रिलअखेर ते जूनमध्य आणि सप्टेंबर. त्रेमेझ्झोच्या व्हिला कार्लोत्तातले अझेलिया एप्रिल-मेमध्ये फुलतात.

बाल्बियानेल्लो पाहायचाच असेल तर वार तपासा. सोमवारी आणि बुधवारी तो सहसा बंद असतो, आणि लग्नसमारंभ असला तर इतर दिवशीही. बहुतेक टूर तो फक्त बोटीतून दाखवतात. आत जायचं तर वेळ आधी आरक्षित करावी लागते आणि दिवसातले किमान दोन तास त्याला द्यावे लागतात. आत जाण्याचं खरं कारण लग्न नव्हे. या घराचा शेवटचा मालक गुइदो मोंझिनो १९७३च्या पहिल्या इटालियन एव्हरेस्ट मोहिमेचा नेता होता. त्याच्या मोहिमांच्या वस्तू तिथे जपलेल्या आहेत, आणि १९८८मध्ये त्याच्या मृत्युपत्रानुसार घर राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या न्यासाकडे गेलं. सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींनी बेल्लाजोतला वेळ कापून हे पाहावं.

वारेन्ना लहान, शांत आणि माझ्या मते तिन्हीत सरस. धक्क्यापासून गावात जाणारी लाल कठड्याची वाट पाण्यावर बांधलेली आहे. व्हिला मोनास्तेरोची बाग काठाने जवळजवळ दोन किलोमीटर पसरली आहे. एन्रिको फर्मीने १९५४च्या उन्हाळ्यात, मृत्यूच्या काही महिने आधी, याच घरात व्याख्यानं दिली होती.

जेवणाची वेळ इथे कडक. बारा ते अडीच, नंतर स्वयंपाकघर बंद, मग सँडविच किंवा पिझ्झ्याचा तुकडा. बिलात माणशी दोन-चार युरो ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार म्हणून लागतात, ती टीप नव्हे. शाकाहारी माणसाला तळ्याकाठच्या हॉटेलात पास्ता आणि टोमॅटो याहून चांगलं मिळू शकतं. शेजारच्या व्हाल्तेल्लिना खोऱ्यातला ‘पित्झोक्केरी’ मागा: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, काझेरा चीज, लोणी, लसूण, सेज. पोट भरतं, आणि थंड दिवशी त्याला तोड नाही. जैनांना अर्थात चालणार नाही, आणि काटेकोर शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, की इथली बरीच चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. मासे खाणाऱ्यांनी ‘मिस्सोल्तीनी’ चाखावेत. अगोने नावाचा तळ्यातला मासा खारवून, उन्हात वाळवून, तमालपत्रासह दाबून ठेवतात आणि भाजून पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर देतात. कोकणातल्या सुक्या माशांवर वाढलेल्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल. घरून दशम्या-चटणी आणली असेल तर काठावरची बाकं आहेतच.

‘कोमो आणि लुगानो, एका दिवसात दोन देश’ अशीही टूर मिळते. ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही, पण मूळ पासपोर्ट जवळ हवा. चलन फ्रँक. फोनचा इटालियन डेटा प्लॅन युरोपियन युनियनपुरता असेल तर सीमेपलीकडे तो चालत नाही किंवा भरमसाट पैसे कापतो, आणि हे बिल आल्यावरच कळतं. त्याहून मोठं नुकसान तासांचं आहे: लुगानोला लागणारा वेळ बोटीच्या वेळेतून कापला जातो.

आणि टूर नकोच असेल तर? तंदुरुस्त, दोन-तीन जणांच्या गटाला ती खरंच लागत नाही. मिलान सेंत्रालेहून तिरानोकडे जाणारी लोकल गाडी तासाभरात वारेन्नाला पोचते. लेक्कोनंतर तळं डाव्या हाताला लागतं, तिकडे बसा. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड होतो. वारेन्नाला थांबा मिनिटभराचा आणि दार बटण दाबून उघडावं लागतं, म्हणून आधीच दारात उभं राहा. संप असेल तर कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरलेल्या गाड्या धावतात. दिवस त्या चौकटीत बसवता येतो. फसगत होते ती परतीला. उन्हाळ्यात चारनंतर बेल्लाजोच्या धक्क्यावर रांग वाढत जाते, एक बोट भरून निघून जाते आणि ठरवलेली गाडी चुकते. जी गाडी धरायची तिच्या आधी निदान दीड तास बेल्लाजो सोडा, धक्का ते स्टेशन या चढाला दहा-पंधरा मिनिटं धरा, आणि परतीचं तिकीट सकाळी मिलानलाच काढून ठेवा.